भिंत बंद होण्याआधी: घर बांधताना वायरिंग, गरम पाणी आणि हवा यांचा एकत्र विचार करा



आपण नेहमी धंद्याचं बोलतो. कोटेशन कसं वाचायचं, काम कसं वाटून द्यायचं, पैसे कुठल्या टप्प्यावर सोडायचे, वगैरे. आजही तेच बोलायचंय. फक्त प्रोजेक्ट वेगळा आहे: तुमचं स्वतःचं घर. बहुतेकांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा खर्च असतो, आणि गंमत म्हणजे दुकानाचं फर्निचर करताना चार कोटेशन मागवणारा माणूस घराच्या वायरिंगला मात्र "तुम्ही बघून घ्या हो" म्हणतो.

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. घरून केक आणि बिस्किटांचा व्यवसाय. दीड गुंठ्यात स्वतः उभं राहून घर बांधलं. खाली ओव्हन आणि पॅकिंग, वर राहायचं. वास्तुशांत झाली, पहिला हिवाळा आला. एका सकाळी त्यांचा मुलगा आंघोळीला गेला आणि पाणी नुसतंच वाहत राहिलं. हाक मारली, उत्तर नाही. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा पोरगा फरशीवर पडलेला. वेळेत दवाखान्यात नेला, ऑक्सिजन दिला, वाचला. बाथरूममध्ये गॅस गिझर होता, आणि खिडकीला फिक्स काच.

ताई म्हणाल्या, "सर, गिझर खराब निघाला." मी म्हटलं, ताई, आपण जरा मागे जाऊन बघू.

नेमकं कुठे चुकलं?

गॅस गिझर का घेतला? कारण बाथरूममध्ये विजेच्या गिझरला पुरेल अशी वायर नव्हती. वायर का नव्हती? वायरमनला काम "पॉइंट रेट"ने दिलं होतं आणि यादीत गिझरचा पॉइंटच नव्हता. तेव्हा सोलर बसवायचं ठरलं होतं, मग राहून गेलं. लक्षात आलं तोवर टाइल्स लागल्या होत्या. फोडायचं जिवावर आलं. दुकानदार म्हणाला, गॅस गिझर घ्या, वायरची भानगडच नाही. आणि खिडकीला फिक्स काच का? थंडीत वारा येतो म्हणून. एक्झॉस्ट फॅनला भोकही ठेवलं नव्हतं.

बघा, यातला एकही निर्णय त्या सकाळचा नाही. सगळे प्लास्टरच्या आधीचे आहेत. आपण वायरिंग वायरमनला देतो, गरम पाण्याचं प्लंबरला आणि खिडक्यांचं फॅब्रिकेटरला. तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना एका टेबलवर बसवणं हे मालकाचं काम आहे, आणि ते भिंत बंद होण्याआधीच करावं लागतं.

आधी यादी, मग वायर

एक वही घ्या. घरात आज काय चालणार आणि पाच वर्षांत काय येणार, सगळं खोलीप्रमाणे लिहा. घरून व्यवसाय करत असाल तर ही यादी मोठी होते, हे विसरू नका. घरघंटी, डीप फ्रीझर, ओव्हन, मोटरवाली शिलाई मशीन.

प्रत्येक वस्तूवर वॅट छापलेले असतात. त्याला 230 ने भागा, अंदाजे अँपिअर मिळतात. 3000 वॅटचा ओव्हन म्हणजे 13 अँपिअर. 2000 वॅटचा गिझर म्हणजे जवळपास 9. दोन्ही एकाच वायरवर टाकले तर 22 अँपिअर होतात आणि 16 अँपिअरची एमसीबी पडणारच. मग आपल्याकडे काय करतात? "सारखी ट्रिप होते" म्हणून मोठी एमसीबी बसवतात. हे सगळ्यात धोक्याचं. एमसीबी वायरच्या जाडीवरून ठरते. बारीक वायरवर मोठी एमसीबी टाकली तर ती पडत नाही आणि वायर भिंतीच्या आत तापत राहते.

साधा नियम ठेवा. लाइट-पंख्याला दीड एमएमची तांब्याची वायर. 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीचची. गिझर, ओव्हन, एसी या प्रत्येकाला डीबीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. अंतर लांब असेल तर चार एमएम. घरात येणारी मुख्य वायर एकूण भार काढूनच ठरवा. भार जास्त निघाला तर थ्री फेज लागेल का, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारा. मीटर लागल्यावर विचारू नका.

आता दोन गोष्टी, ज्यांच्यात पैसे वाचवायचे नाहीत.

पहिली, अर्थिंग. तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. कित्येक घरांत ती तिसरी पिन नुसती शोभेला असते, नाहीतर न्यूट्रलला जोडलेली असते. जमिनीत अर्थिंगचा खड्डा डोळ्यांनी बघा आणि काम संपल्यावर मीटरने मोजून घ्या.

दुसरी, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. ओल्या हाताने गळका करंट लागला तर तो एमसीबी पाडण्याइतका मोठा नसतो, पण जीव घ्यायला पुरतो. आरसीसीबी नेमका हाच गळका करंट पकडते आणि सेकंदाच्या छोट्याशा भागात पुरवठा तोडते. तिच्यावर "टेस्ट" असं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडली तर ठीक. नाही पडली तर बदला.

स्लॅब पडायच्या आधी पंख्याचे बॉक्स आणि पाइप जागेवर आहेत का, हे स्वतः मोजून बघा. टेरेसपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप आजच टाकून ठेवा. उद्या सोलर पॅनेल बसवायचे ठरले तर भिंत फोडावी लागणार नाही.

गरम पाणी: आग घराच्या बाहेर

आपल्याकडे घर गरम ठेवायची गरज फारशी नाही, पण सकाळी गरम पाणी सगळ्यांनाच लागतं. आजीच्या काळी बंब परसात असायचा. धूर बाहेर, पाणी आत. न्हाणीघर घराच्या आत आलं आणि आपण आगही सोबत आत आणली. गॅस गिझरची अडचण इथेच आहे.

गॅस जळायला हवा लागते. पाच बाय सातचं बाथरूम, दार-खिडकी बंद. थोड्या वेळात आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त जोराने चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, हातपाय गळतात आणि कडी काढायचीही ताकद राहत नाही. पोरगा ओरडला का नाही, याचं उत्तर हे आहे.

म्हणून नियम एकच. गॅस गिझर बाथरूममध्ये नाहीच. घ्यायचाच असेल तर उघड्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोसा करून. आत फक्त पाण्याचा पाइप. "एक्झॉस्ट फॅन लावला की झालं" असंही समजू नका. हवा आत यायला वाट नसेल तर तोच फॅन जळलेली हवा खोलीत ओढू शकतो. कुणाला गरगरलं तर दारं उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत न्या आणि 108 ला फोन लावा.

सोलरचं गणित सोपं आहे. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला साधारण 4 युनिट लागतात. रोज एवढं वापरलं तर महिन्याला 120 युनिट. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सोलर हे जवळपास सगळं वाचवतो. पण त्याचा निर्णयही स्लॅबच्या वेळी होतो. साध्या, पंप नसलेल्या सिस्टिममध्ये गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते. टेरेसवर टाकीचा चौथरा बुटका बांधला की नंतर लोखंडी स्टँडचा खर्च आलाच. दक्षिणेकडे तोंड हवं आणि हिवाळ्यातल्या तिरक्या उन्हात शेजारच्या इमारतीची सावली पडायला नको. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साचतात, तेही विक्रेत्याला आधी सांगा.

गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप घ्या, साधा पीव्हीसी नको. आणि अंतर कमी ठेवा. आतून 20 मिलिमीटरच्या पाइपमध्ये दर मीटरला सुमारे 0.3 लिटर पाणी उभं असतं. टाकीपासून नळ 15 मीटर लांब असेल तर गरम पाणी यायच्या आधी साडेचार लिटर गार पाणी वाया जातं, आणि प्रत्येक आंघोळीला जातं. बाथरूम एकावर एक घेतली तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

पावसाळ्यात सोलर दमतो. म्हणून सोलर घेतलात तरी प्रत्येक बाथरूममध्ये गिझरची वायर टाकूनच ठेवा. ताईंच्या घरात नेमकी हीच वायर राहिली होती.

हवा: एक वाट यायला, एक जायला

राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांचं माप दिलेलं आहे. उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-दशांश, उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश. म्हणजे 10 बाय 12 च्या खोलीला उष्ण-कोरड्या भागात 12 चौरस फूट, कोकणात 20 चौरस फूट. दार यात धरायचं नाही.

आता सरकत्या खिडकीचं बघा. 4 बाय 4 ची दोन पल्ल्यांची खिडकी कागदावर 16 चौरस फूट. उघडते किती? निम्मी, म्हणजे 8. त्यामुळे फॅब्रिकेटरला "किती मोठी" हे विचारू नका, "उघडते किती" हे विचारा.

एकाच भिंतीला दोन खिडक्या देऊन वारा खेळत नाही. समोरासमोर किंवा निदान शेजारच्या दोन भिंतींना द्या. गरम हवा वर जाते, म्हणून जिन्याच्या डोक्यावर उघडणारी खिडकी किंवा जाळी ठेवा. जुन्या घरांत छताजवळ व्हेंटिलेटर असायचे, ते उगाच नव्हते.

स्वयंपाकघरात दोन गोष्टी. चिमणीचा पाइप बाहेर जायला 6 इंची भोक भिंतीत आधीच सोडा. बीम आडवा येत नाही ना, हे नकाशावर बघा. पाइप नसलेली चिमणी तेल पकडते, पण वाफ आणि उष्णता तिथेच राहते. दुसरं, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खाली जाळी हवी. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका असतो, तो वर जातो. तिथे जाळी वर हवी. बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅनचं भोक तर हवंच, शिवाय दाराखाली बोटभर फट ठेवा. हवा आत आल्याशिवाय फॅन बाहेर काय टाकणार?

कोटेशनमध्ये काय लिहून घ्याल?

इथे आपलं धंद्याचं शिक्षण कामाला येतं.

1. पॉइंटची संख्या खोलीप्रमाणे, आणि प्रत्येक पॉइंटला वायर किती एमएमची, हे लेखी.
2. वायर, पाइप आणि एमसीबी आयएसआय मार्कची. कंपनीचं नाव आधी ठरवून.
3. काम परवानाधारक कंत्राटदाराकडून. नवीन मीटरला त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतोच.
4. शेवटचा हप्ता अर्थिंग मोजल्यावर आणि आरसीसीबी तुमच्यासमोर पाडून दाखवल्यावर.
5. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, भिंतीला टेप लावून. दहा वर्षांनी खिळा ठोकताना हाच फोटो उपयोगी पडेल.

ताईंनी नंतर काय केलं? टाइल्स फोडल्या, गिझरला आणि ओव्हनला डीबीपासून वेगळ्या वायरी ओढल्या, फिक्स काच काढून उघडणारी खिडकी बसवली. खर्च झाला, धूळ झाली, पंधरा दिवस ऑर्डर बंद राहिल्या. त्या म्हणाल्या, "सर, हेच आधी केलं असतं तर फक्त वायरचे पैसे लागले असते."

तुमचं बांधकाम चालू असेल तर या रविवारी एक काम करा. वायरमन, प्लंबर आणि खिडकीवाला, तिघांना एकत्र साइटवर बोलवा. चहा पाजा. तुमची वही उघडा आणि बाथरूमपासून सुरुवात करा. आणि घर आधीच बांधून झालं असेल, आत गॅस गिझर असेल, तर रविवारची वाट बघू नका. आजच तो बाहेर काढायचं बघा.