तपासणीचीही परीक्षा!

मुलांनो, आज एक गंमत सांगते. मी एक नवी तपासणी शोधून काढली आहे. तिच्यातून एकही आजारी माणूस निसटत नाही. शंभर आजारी आले, तर शंभरच्या शंभर सापडतात! कशी, ते विचारा. दवाखान्यात येईल त्या प्रत्येकाच्या कागदावर मी 'आजारी' असा शिक्का मारते. झालं! मग आजारी माणूस सुटेलच कसा?

हसलात ना? पण 'शंभरातले शंभर आजारी ओळखले' हे माझं वाक्य खोटं नाही बरं का. ते फक्त अर्धं आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा, की जे धडधाकट होते, त्यांच्यापैकी किती जणांना 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं बरोबर सांगितलं? तिथं माझ्या तपासणीला भोपळा! म्हणून कुठल्याही तपासणीचे गुण दोन विषयांत बघायचे. आजारी किती पकडले आणि निरोगी किती सोडले.

आता खरी गोष्ट. क्षयरोग, म्हणजे टी.बी., तुम्ही ऐकला असेल. त्याचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी १८८२ साली शोधले. फुप्फुसाचा क्षय ओळखायला खोकून काढलेला बेडका सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण जंतू थोडे असले तर ते दिसत नाहीत. मग बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघावे लागतात. हे काम खात्रीचं, पण त्याला काही आठवडे लागतात. जंतू फार सावकाश वाढतात ना!

अशा वेळी कुणी म्हणालं, "थोडंसं रक्त द्या, लगेच सांगतो," तर कुणाला नको आहे? तशा रक्ततपासण्या बाजारात आल्या. एक-दोन नाही, निदान १८ प्रकारच्या. जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. ती रक्तात शोधायची, अशी कल्पना. कल्पना वाईट नव्हती. अडचण अशी, की आपल्याकडे पुष्कळ माणसांच्या शरीरात क्षयाचे जंतू कधीतरी शिरून निपचित पडलेले असतात. ती माणसं आजारी नसतात, पण त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडू शकतात. तरीही जगात दर वर्षी अशा दहा लाखांहून जास्त तपासण्या होत होत्या. त्यातल्या पुष्कळ आपल्या भारतात, लोकांच्या खिशातल्या पैशानं.

या तपासण्या चांगल्या की वाईट? जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांच्यावरचे ९४ अभ्यास गोळा केले. तुम्ही म्हणाल, मग काय, सगळ्यांचे गुण मिळवले आणि सरासरी काढली! नाही. आधी हे बघायचं, की त्या तपासणीची परीक्षा प्रामाणिकपणे घेतली होती का. त्यासाठी संशोधकांनी २००३ मध्ये १४ प्रश्नांची एक यादीच बनवली होती. तिचं नाव 'क्वाडास'. सगळे प्रश्न इथं देत नाही, पण त्यातले तीन मला फार आवडतात.

पहिला. परीक्षा कुणावर घेतली? समजा, मी वाचनाची चाचणी तयार केली आणि ती वर्गातल्या सगळ्यांत हुशार पाच मुलांवर आणि अजून अक्षरओळखही नसलेल्या पाच मुलांवर करून पाहिली. चाचणी दोघांना झटकन वेगळं करेल. त्यात काय विशेष? खरी कसोटी मधल्या मुलांची! तसंच इथं. एकीकडे क्षयानं खंगलेले रुग्ण आणि दुसरीकडे खणखणीत तब्येतीची माणसं घेतली, तर तपासणी हमखास पास होते. पण डॉक्टरांकडे येतो तो नुसता खोकणारा माणूस. त्याला क्षय आहे, की दमा, की साधा खोकला, हेच तर ओळखायचं असतं!

दुसरा. तपासणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होतं का? दहावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, ते कशासाठी? नाव कळलं की हात नकळत सैल सुटतो. 'हा रुग्ण क्षयाचाच' हे ठाऊक असलं, तर पुसट रेघही ठळक दिसू लागते.

तिसरा. खरं उत्तर कशावरून ठरवलं? उत्तरसूचीच चुकीची असेल, तर गुणांना काय अर्थ? इथं उत्तरसूची म्हणजे जंतू वाढवून बघण्याची ती सावकाश पद्धत. आणि ती सगळ्यांना लावली, की फक्त काहींनाच?

अशी चाळणी लावल्यावर अनेक अभ्यास हलक्या दर्जाचे निघाले. फुप्फुसाच्या क्षयावरच्या ६७ अभ्यासांत तर आजारी पकडण्याचे गुण कुठे शून्य टक्के, कुठे शंभर टक्के! घरातलं घड्याळ एकदा सहा आणि लगेच बारा दाखवू लागलं, तर तुम्ही शाळेला त्याच्या भरवशावर निघाल का?

आणि इथं चूक म्हणजे नुसता एक गुण कमी नव्हे. ज्याला क्षय नाही, त्याला उगाच निदान सहा महिने कडक औषधं. ज्याला आहे, तो 'मी बरा आहे' म्हणून घरी जातो, खोकत राहतो, आणि घरातल्या लहानग्यांना लागण होते.

जुलै २०११ मध्ये आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं, क्षयाच्या निदानासाठी या रक्ततपासण्या वापरू नका. क्षयाच्या बाबतीत 'हे करू नका' असं तिनं प्रथमच सांगितलं. जून २०१२ मध्ये भारत सरकारनं त्यांची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर, सगळ्यांवर बंदी घातली.

पालकांसाठी दोन शब्द. घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्या. ती तपासणी मोफत होते. आता बेडक्यातल्या जंतूंची जनुकं काही तासांत शोधणारी यंत्रंही आली आहेत. आणि हो, त्या यंत्रांनाही हीच परीक्षा द्यावी लागली.