आदेशाचा कागद आधी वाचा

2021 च्या फेब्रुवारीत वऱ्हाडाने पुन्हा कुलूप पाहिलं. अमरावती आणि अचलपूर शहरांत 22 तारखेपासून, अकोला, अकोट आणि मूर्तिजापुरात 23 पासून आठवडाभराचा लॉकडाऊन लागला. पुढे तो 8 मार्चपर्यंत वाढला. घरात तूर येऊन पडलेली, शेतात हरभरा काढणीला आलेला आणि मोबाइलवर तऱ्हेतऱ्हेचे निरोप. काय चालतं, काय चालत नाही, हे बहुतेकांनी आदेश न वाचता त्या निरोपांवरूनच ठरवलं. तेव्हाचे काही समज आजही तसेच आहेत. पुढची साथ सांगून येणार नाही, म्हणून ते आत्ताच दुरुस्त करून घेऊ.

गैरसमज 1 : लॉकडाऊन म्हणजे आणीबाणी, त्यात हक्क नसतात.

वस्तुस्थिती : कोरोनाकाळात देशात घटनात्मक आणीबाणी एक दिवसही नव्हती. बंदी आली ती साथरोग अधिनियम 1897, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 144 यांतून. ‘लॉकडाऊन’ हा शब्द यांपैकी एकाही कायद्यात नाही. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, पण तेही कायद्याने दिलेल्या अधिकारातच लेखी आदेश काढतात. फिरण्याच्या स्वातंत्र्यावर लोकहितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात. घटनेच्या कलम 21 मधला जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क मात्र खऱ्या आणीबाणीतही गोठवता येत नाही. म्हणून आदेशात तीन गोष्टी शोधायच्या: हद्द कोणती, मुदत किती, सूट कोणाला. अमरावतीच्या आदेशावरून अकोल्याचा अंदाज बांधू नये.

गैरसमज 2 : बंदी म्हणजे शेतावर जायलाही बंदी.

वस्तुस्थिती : 24 मार्च 2020 च्या केंद्राच्या आदेशाला तीनच दिवसांत पुरवणी जोडावी लागली. 27 मार्चच्या त्या पुरवणीने शेतकरी आणि शेतमजुरांची शेतातली कामं, बाजार समित्यांचे व्यवहार आणि अवजारं भाड्याने देणारी केंद्रं मोकळी केली. पण ही सूट कामापुरती होती. बांधावर गर्दी जमवायची किंवा ट्रॉलीत दाटीवाटीने मजूर न्यायचे, ही मुभा तिने कोणाला दिली नव्हती. स्थानिक आदेश याहून कडकही असू शकतो, त्यामुळे त्यातली सवलतींची यादी पाहूनच घराबाहेर पडावं.

गैरसमज 3 : नियम मोडला की पोलीस काठी मारू शकतात.

वस्तुस्थिती : शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. अटकेला विरोध झाला किंवा बेकायदा जमाव पांगवायचा असेल, तर पोलिसांना गरजेपुरतं बळ वापरता येतं. चौकात उठाबशा काढायला लावणं किंवा दवाखान्याकडे निघालेल्या माणसाच्या पाठीवर वळ उठवणं कोणत्याही कायद्यात बसत नाही. अटक झालीच, तर कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. महामारीच्या नावाने हे हक्क पातळ होत नाहीत. आरोपपत्र मुदतीत आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क साथीतही मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 19 जून 2020 ला स्पष्ट केलं.

गैरसमज 4 : ‘188’ म्हणजे दोनशे रुपयांची पावती, विषय संपला.

वस्तुस्थिती : जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 188 हा फौजदारी गुन्हा होता. आदेश मोडल्याने लोकांच्या जिवाला धोका झाला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 ने घेतली आहे आणि तशाच धोक्यासाठी आता एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. संसर्ग पसरवणारी बेपर्वाई आणि विलगीकरणाचा नियम मोडणं हे वेगळे गुन्हे आहेत. डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांच्यावर हात उचलणाऱ्याला साथरोग अधिनियमातल्या 2020 च्या दुरुस्तीनुसार पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आदेशभंगाच्या या गुन्ह्याची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच घेतं. शिवाय आरोपाला पुरावा लागतो. म्यानमारच्या आठ नागरिकांवर साथ पसरवल्याचा गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर 2020 मध्ये तो रद्द केला. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे याच खंडपीठाच्या कक्षेत येतात.

गैरसमज 5 : बंदीत हप्ता, भाडं सगळं माफ असतं.

वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 या काळातले हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. ते माफ झाले नव्हते आणि त्यांवर व्याज चढतच होतं. व्याजावरचं व्याज तेवढं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये रोखलं. राज्याने घरमालकांना तीन महिने भाडं थांबवण्याची सूचना केली होती, तीही वसुली पुढे ढकलण्याचीच. पूर्ण मजुरी देण्याचा केंद्राचा 29 मार्च 2020 चा आदेश मे महिन्यातच मागे घेतला गेला. म्हणून तडजोड झाली की ती लिहून घ्यावी. तोंडी कबुली वादाच्या वेळी टिकत नाही.

गैरसमज 6 : मृत्यूच्या दाखल्यावर ‘कोरोना’ नाही, म्हणजे मदत नाही.

वस्तुस्थिती : 30 जून 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सानुग्रह साहाय्य देणं बंधनकारक ठरवलं. त्यानंतर प्रत्येक मृत्यूमागे 50,000 रुपये ठरले. निव्वळ दाखल्यावर कोरोनाचा उल्लेख नाही म्हणून अर्ज नाकारता येणार नाही, असंही ऑक्टोबर 2021 मध्ये न्यायालयाने बजावलं. ज्या घरचा कमावता माणूस गेला, त्या घराला हे वेळेवर कळणं किती मोलाचं होतं! न कळल्यामुळे एकही घर मागे राहायला नको होतं.

मास्क लावणं, आजार न लपवणं, विलगीकरण पाळणं ही कर्तव्यं टाळायची नाहीत. माझ्या बेपर्वाईचा भुर्दंड शेजारच्या म्हातारीला पडतो. पण कर्तव्य पाळणाऱ्यालाच हक्क नीट मागता येतो आणि तो मागायला ओळखपाळख किंवा पैसा लागत नाही. अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणी न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना कायद्याने तिथे मोफत वकील मिळतो. पुन्हा कधी चौक बंद झाले, तर निरोप पुढे पाठवण्याआधी मूळ आदेश मिळवा आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो वाचून दाखवा.