न विकलेला तास, न विकलेली मासळी
घरस्वच्छतेचा व्यवसाय नफ्यात कसा चालतो?

पालघर तालुक्यातील मुरबे हे गाव खाडीच्या मुखाशी वसले आहे. खाडीपलीकडे पापलेटसाठी प्रसिद्ध असलेले सातपाटी, तर पूर्वेला बोईसर. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि ओल्या मासळीच्या विक्रीवर घर चालवणाऱ्या बायकांच्या टोपल्या रिकाम्या राहतात. सुक्या मासळीचा साठा संपला की हातात काम नसते.

बोईसरचे चित्र याहून वेगळे आहे. १९६९ मध्ये तारापूर अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले, औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि कामगार-अभियंत्यांच्या वसाहतींनी या परिसराचा चेहरा बदलला. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला आणि इमारतींची संख्या आणखी वाढली. पती-पत्नी दोघेही सकाळी लोकल पकडणारी कुटुंबे येथे आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांच्याकडे पैसा आहे, वेळ नाही. मुरब्यासारख्या गावात वेळ आहे, पण वर्षातील काही महिने पैसा नाही. घरस्वच्छतेचा व्यवसाय या दोन टंचाईंच्या मधोमध उभा राहू शकतो. मात्र तो नफ्यात चालतो की नाही, हे झाडूवर नव्हे, तर घड्याळावर अवलंबून असते.

नफा कोठे असतो?

या धंद्यात भांडवल थोडे लागते, म्हणूनच अनेकजण त्यात उतरतात आणि वर्षभरात बाहेरही पडतात. कारण बहुतेकांनी दर ठरवताना शेजारच्या माणसाचा दर पाहिलेला असतो, स्वतःचा खर्च पाहिलेला नसतो.

उदाहरणादाखल दोन जणींच्या एका गटाचा दिवसाचा हिशेब मांडून पाहू. प्रत्येकीला ६०० रुपये मजुरी, म्हणजे १,२०० रुपये. साबण, द्रावणे व फडकी यांचे १५० रुपये, रिक्षाभाडे २०० रुपये आणि फोन, यंत्रांची झीज, मोडतोड यांसाठी १५० रुपये. एकूण १,७०० रुपये. ग्राहकाकडून गटाच्या एका तासाचे ३५० रुपये घेतले, असे धरू.

आठ तासांच्या दिवसातील दोन तास प्रवासात गेले, तर सहा तासांचे २,१०० रुपये मिळतात आणि ४०० रुपये उरतात. एक घर बोईसरला, दुसरे पालघरला आणि तिसरे तारापूरला असेल, तर साडेतीन तास रस्त्यावरच जातात. उरलेल्या साडेचार तासांचे १,५७५ रुपये होतात; म्हणजे दिवसभर राबूनही १२५ रुपयांचा तोटा. उलट सर्व घरे एकाच सोसायटीत असतील, तर सात तास काम होते, रिक्षाभाडे निम्मे होते. खर्च १,६०० रुपये, मिळकत २,४५० रुपये आणि शिल्लक ८५० रुपये. मजुरी तीच, दर तोच आणि मेहनतही तीच. फरक फक्त वाया गेलेल्या तासांचा.

मासळी विकणाऱ्या बाईला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. संध्याकाळपर्यंत न विकलेल्या ताज्या मासळीला दुसऱ्या दिवशी तो भाव येत नाही. न विकलेल्या तासाला तर मुळीच येत नाही. तो सुकवूनही ठेवता येत नाही. म्हणूनच प्रारंभी संपूर्ण तालुक्यात जाहिरात करण्यापेक्षा एक-दोन मोठ्या सोसायट्या निवडून तेथेच पाय रोवणे शहाणपणाचे ठरते. एका ग्राहकाचे काम चांगले झाले, की त्याच जिन्यातील दुसरे दार उघडते. त्याच्यासाठी रिक्षाचे भाडे द्यावे लागत नाही.

कोणते काम घ्यावे?

रोजचे केर-लादी हे काम घरोघरी बायका करतातच. त्यांच्याशी दरात स्पर्धा करणे व्यवहार्य नाही आणि उचितही नाही. व्यवसायाने दुसरी गरज हेरावी. भाडेकरू सोडून गेल्यावर रिकामा झालेला फ्लॅट, रंगकामानंतर फरशीवर पडलेले डाग, स्वयंपाकघरातील तेलकट चिमणी व एक्झॉस्ट पंखा, पाण्यातील क्षारांमुळे पांढुरके झालेले नळ आणि फरश्या, पावसाळ्यानंतर भिंतींवर आलेली बुरशी, अशा कामांना कौशल्य व साहित्य लागते आणि त्याचे मोल देण्याची ग्राहकाची तयारी असते.

दिवाळीपूर्वीचे तीन-चार आठवडे सुगीचे असतात. पण केवळ सुगीवर वर्ष निघत नाही. दर पंधरवड्याला किंवा महिन्याला ठरलेले काम देणारे ग्राहक, तसेच डॉक्टरांचे दवाखाने, बँकांच्या शाखा, लहान कार्यालये हा धंद्याचा कणा होय. कार्यालयांकडून पैसे उशिरा येतात, हे ध्यानी ठेवून किमान दोन महिन्यांची मजुरी हाताशी असावी.

दर सांगण्यापूर्वी घर प्रत्यक्ष पाहावे. ‘दोन खोल्या आणि स्वयंपाकघर’ या एकाच वर्णनात चार तासांचे कामही मावते आणि दहा तासांचेही. काय करणार व काय करणार नाही, हे लिहून द्यावे आणि काम सुरू करण्यापूर्वी तडे गेलेल्या काचा-फरश्यांची छायाचित्रे घ्यावीत. निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

साहित्य आणि सावधगिरी

सफाईचा क्रम साधा आहे. वरून खाली, आतून दाराकडे आणि आधी कोरडे, मग ओले. जळमटे काढण्यापूर्वी फरशी पुसली, तर तेच काम दोनदा करावे लागते. स्वच्छतागृह व स्वयंपाकघर यांची फडकी वेगवेगळ्या रंगांची ठेवावीत. जंतुनाशक फवारून लगेच पुसले तर त्याचा उपयोग होत नाही. बाटलीवर दिलेला वेळ ते पृष्ठभागावर राहू द्यावे लागते. संगमरवर व कडप्प्यावर आम्लयुक्त द्रावण पडले, तर चकाकी कायमची जाते आणि भरपाई महिन्याच्या नफ्यापेक्षा अधिक ठरू शकते.

याहून गंभीर बाब माणसांची. शौचालय स्वच्छ करण्याच्या आम्लात ब्लीच मिसळले, तर क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. ही दोन द्रावणे एका बादलीत कधीही येता कामा नयेत, हे पहिल्याच दिवशी शिकवावे. उंच इमारतीच्या खिडक्यांची बाहेरची बाजू सुरक्षा साधनांशिवाय पुसण्याचे काम नाकारावे. आणि ‘एवढी शौचटाकीही बघा’ अशी विनंती आली, तर तिला स्पष्ट नकार द्यावा. २०१३ च्या कायद्यानुसार शौचटाक्या व गटारे यांत सुरक्षा साधनांविना माणूस उतरवणे हा गुन्हा आहे.

कागदोपत्री बाजू

सूक्ष्म उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन व निःशुल्क होते. तिचा एक फायदा अनेकांना ठाऊक नसतो. अशा उद्योगाचे देणे कमाल ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन कायद्याने खरेदीदारावर आहे. दुकाने व आस्थापना कायद्याखाली लहान आस्थापनांना केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. व्हॅक्यूम क्लीनर, शिडी आणि पहिल्या महिन्याचे साहित्य यांसाठी एवढी रक्कम साधारणतः पुरते.

सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली, की वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते आणि सफाईसेवेवर १८ टक्के कर लागतो. कंपनीला या कराची वजावट मिळू शकते, घरगुती ग्राहकाला मिळत नाही. त्यामुळे ही सीमा ओलांडताना घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने दर एकाएकी वाढतो. त्याची तयारी आधीच करणे इष्ट.

नफा कोणाचा?

पुण्यात हणमंतराव गायकवाड यांनी १९९७ मध्ये अवघ्या आठ कामगारांनिशी सुरू केलेली सफाईसेवा पुढे ‘बीव्हीजी’ या नावाने देशभर पसरली. अहमदाबादेत ‘सेवा’ संघटनेच्या आधाराने कागद वेचणाऱ्या स्त्रियांनी १९८६ मध्ये ‘सौंदर्य’ ही सफाईची सहकारी मंडळी उभारली. एक उद्योजकाचा मार्ग, दुसरा कामगारांच्याच मालकीचा. दोन्ही टिकले. बोईसर परिसरात बचत गटांतील स्त्रियांना दुसरा मार्ग अधिक जवळचा वाटावा. हिशेबवही आणि एकमेकींवरचा विश्वास, या दोन्ही गोष्टी बचत गटांत आधीच असतात.

मार्ग कोणताही असो, एक मोह टाळावा लागतो. स्पर्धा वाढली, की सर्वप्रथम मजुरीला कात्री लावली जाते. महानगरांत मोबाइल अॅपवरून काही मिनिटांत मदतनीस पाठवणाऱ्या कंपन्या आल्या आहेत आणि आज ना उद्या त्या येथेही येतील. त्यांच्याशी दरात झुंजता येणार नाही. ओळखीच्या, नेमाने येणाऱ्या आणि विश्वासाच्या माणसावरच लढता येईल. आणि तीच माणसे कमी मजुरीमुळे सोडून गेली, तर व्यवसायात उरते काय? नव्या बाईला शिकवण्यात जाणारे दिवस, तिच्या हातून फुटणाऱ्या वस्तू आणि ‘नेहमीची बाई का आली नाही’ असे विचारून तुटणारा ग्राहक, हा खर्च वहीत दिसत नाही, पण तो मजुरीवाढीपेक्षा मोठा असतो.

किमान वेतन, ओळखपत्र, हातमोजे, जेवणाची सुटी आणि प्रवासाच्या तासांचाही मोबदला, या सवलती नव्हेत. त्या खर्चाच्या बाजू आहेत आणि त्या दरात पहिल्यापासून धराव्यात. राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. स्वतंत्रपणे घरकाम करणाऱ्या बायकांनी त्यातील नोंदणी करून घ्यावी. दहा कामगार झाले, की राज्य विमा योजनेचा आणि वीस झाले, की भविष्य निर्वाह निधीचा विचार करावा लागतो.

बंदीच्या दोन महिन्यांपुरते हे काम धरून ऑगस्टमध्ये सोडायचे, असा विचार केल्यास ग्राहक टिकणार नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या तरी बोईसरची घरे मळायची थांबत नाहीत. गटातील काहीजणी बाजार सांभाळतील, काहीजणी घरे सांभाळतील, अशी वाटणी आधीच ठरली, तर मात्र पुढच्या जूनमध्ये टोपली रिकामी असली तरी चूल थंड राहणार नाही.