पाळी लांबली तर काय समजावे?



उसाच्या लागणीची तारीख कारखान्याच्या शेतकी खात्याकडे नोंदवायला आपण विसरत नाही. घरात सुनेची, लेकीची पाळी लांबली तर मात्र 'बायकांचं बायका बघतील' म्हणून विषय बाजूला पडतो. मग कुणी 'उष्ण पडणारं' खायला सांगतं, कुणी दुकानातून गोळी आणतं. यात नुकसान बाईचेच होते.

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजावे. हे अंतर २१ ते ३५ दिवस असेल तर ठीक. चार-सहा दिवस मागेपुढे होणे हा रोग नव्हे.

संसारी बाईची पाळी चुकली की आधी दिवस राहिले का ते पाहावे. लघवीची तपासणी घरीच पाच मिनिटांत होते. त्याची पट्टी आशाताईंकडे किंवा औषधाच्या दुकानात मिळते. मूल अंगावर पीत असतानाही दिवस राहू शकतात. पाळी परत येण्याआधीच बीज सुटते, म्हणून 'अजून पाळीच आली नाही' या भरवशावर राहू नये.

दिवस गेलेले नसतील तर कारणे अशी असतात :

१) मुलीला पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होते. पंचेचाळिशीनंतर पाळी जाण्याच्या सुमारासही तसेच होते.

२) कष्ट फार, पोटाला कमी, मोठे आजारपण, मनाला घोर. अशा वेळी शरीर बीज सोडण्याचे काम थांबवते.

३) वजन वाढणे, चेहऱ्यावर केस येणे. बीजकोषाच्या या तक्रारीला डॉक्टर 'पीसीओएस' म्हणतात.

४) थायरॉईड किंवा क्षयासारखा आजार.

५) पाळणा लांबवण्याचे तीन महिन्यांचे इंजेक्शन. त्याने पाळी बंद राहिली तरी घाबरू नये.

तीन महिने पाळी आली नाही, किंवा मुलीला १५ वर्षे पुरी होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी चुकून ओटीपोटात जोराची कळ आली, चक्कर आली, तर गर्भ नळीत वाढत असण्याचा धोका असतो. त्याच क्षणी दवाखाना गाठावा. पाळी आणण्याची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. मूल नको असेल तर मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात कायदेशीर आहे.

शेवटी एक महत्त्वाचे. पाळीच्या तक्रारीला 'पिशवीच काढून टाका' असा सल्ला कुणी दिला तर थांबा, सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. वर दिलेल्या कारणांपैकी एकालाही हा उपाय लागत नाही.

तेव्हा घरात हे मोकळेपणी बोला, आणि आपल्या फडात येणाऱ्या टोळीतल्या बायांच्याही कानावर घाला.