माती, भुसा आणि केळीचा धागा

केळीच्या खोडाच्या धाग्यापासून तक्ते, ट्रे, असं बरंच काही बनतं, हे हल्ली आपल्या कानावर येतं. 'मशीन घ्या, धागा काढा' असं सांगणारेही गावात येतात. गटाचा पैसा त्यात घालण्याआधी ही वस्तू बनते कशी, हे आज समजून घेऊ.

भिंतीला मातीचा गिलावा करताना आपण मातीत भुसा का घालतो? नुसती माती वाळली की तिला भेगा पडतात. नुसता भुसा तर भिंतीवर टिकणारच नाही. दोन्ही एकत्र तुडवले की माती भुशाला धरून ठेवते आणि भुसा मातीला फाटू देत नाही. अशा जोडीच्या वस्तूला 'संमिश्र' किंवा कॉम्पोझिट म्हणतात. म्हणजे आपल्या आज्या कॉम्पोझिटच बनवत होत्या.

केळीच्या धाग्याच्या तक्त्यात भुशाच्या जागी धागा असतो आणि मातीच्या जागी राळ. राळ म्हणजे घट्ट होणारा चिकट पदार्थ. धागा साच्यात पसरायचा, त्यावर राळ ओतायची आणि दाबून कडक होऊ द्यायची. आपण ज्याला नुसतं 'फायबर' म्हणतो, त्या पत्र्यात काचेचे बारीक धागे असतात. काच वितळवायला मोठी भट्टी लागते आणि तो पत्रा कापताना अंगाला खाज सुटते. केळीचा धागा काचेपेक्षा वजनाला जवळपास निम्मा. ताकद मात्र काचेच्या धाग्याची जास्त.

केळीचं झाड एकदाच घड देतं. मग खोड कापून बांधावर फेकतात. आमच्या रावेर-यावल भागात अशा खोडांचे ढीग लागतात. पण खोडात बहुतेक पाणीच असतं. शंभर किलो खोडातून जेमतेम किलोभर सुका धागा निघतो. म्हणून खोडं लांब वाहून नेणं परवडत नाही, मशीन शेताजवळच हवं. खोड ताजं असतानाच धागा काढावा, नाहीतर तो काळा पडतो.

आमचं चुकलं ते पुढच्या पायरीवर. धागा हाताला कोरडा लागला म्हणून आम्ही पावसाळ्यात गासड्या बांधल्या. माल परत आला, आतून बुरशी धरलेली होती. तेव्हा कळलं, झाडाचा धागा हवेतली ओलसुद्धा पितो. ओल्या धाग्याला राळ नीट धरत नाही. तक्ता बनला तरी पुढे पाणी पिऊन धागा फुगतो, आणि राळ सुटते. म्हणून धागा कडक वाळवायचा आणि जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवायचा. राळ नीट धरावी म्हणून काही कारखाने धागा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुऊन घेतात. ते काम घरात, लेकराबाळांत करू नका. हात भाजतात.

आता 'पर्यावरणपूरक' या शब्दाकडे वळू. धागा मातीत कुजतो, पण बाजारातली बहुतेक राळ खनिज तेलापासून बनते आणि ती कुजत नाही. पूर्व जर्मनीत १९५७ पासून ट्राबांट नावाची मोटार बनत होती. तिच्या अंगाचा बराचसा भाग कापसाचा टाकाऊ धागा आणि राळ यांचा होता. गंजायची भीती नव्हती. पण जुन्या गाड्या मोडीत निघाल्या तेव्हा तो भाग ना वितळवता येईना, ना कुजेना. झाडाचा धागा आहे म्हणून वस्तू आपोआप मातीत मिळते असं नाही, हे लक्षात ठेवा. धागा वापरल्याने काच वाचते आणि टाकाऊ खोड कामाला येतं, एवढं मात्र खरं.

म्हणून कोणी मशीन विकायला आलं, तर गटाने तीन प्रश्न विचारावेत. पहिला, धागा कोण घेणार, कोणत्या भावाने, आणि ते लेखी देणार का? दुसरा, पावसाळ्यात धागा वाळवायची सोय काय? तिसरा, तक्ते आपणच बनवायचे असतील तर राळ कोणती? राळेच्या वाफेने डोकं दुखतं, आणि ती घट्ट करणारा हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मोकळी हवा, हातमोजे, चष्मा हवाच. जवळ चूल नको आणि गरोदर बाईने तिथे थांबू नये.

तोवर घरी एक करून पाहा. मातीच्या दोन सारख्या वड्या थापा, एकीत भुसा घाला. दोन्ही वाळू द्या आणि मग मोडून पाहा. जोडीची ताकद तुमच्या हातालाच कळेल. गटाच्या बैठकीत त्या दोन्ही वड्या सगळ्यांना दाखवा आणि मगच मशीनचा विषय काढा.