कोळंबीच्या तळ्यातील पाणवनस्पती

खाडीकाठच्या तळ्यात वाढणारी पाणवनस्पती कोळंबीला तारक की मारक, या प्रश्नाचे उत्तर दिवसा एक आणि रात्री दुसरे असे मिळते. सूर्यप्रकाशात पाण्याखालची पाने प्राणवायू सोडतात. विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून निर्माण होणारा अमोनियाही ती शोषून घेतात. शिवाय वाढीच्या काळात कोळंबी वरचेवर कात टाकते. नवे कवच टणक होईपर्यंत ती असहाय असते आणि तिचेच जातभाई तिला खाऊन टाकतात. अशा वेळी वनस्पतींचा आडोसा तिचा जीव वाचवतो.

सूर्य मावळताच मात्र प्राणवायूची निर्मिती थांबते. श्वसन चालूच राहते. वनस्पती, कोळंबी आणि गाळातील जीवाणू हे सारे एकाच साठ्यावर जगू लागतात. पहाटे हा साठा नीचांकाला पोहोचतो. वनस्पती दाट माजल्या असतील किंवा एकदम मरून कुजू लागल्या असतील, तर एका रात्रीत सारे पीक गुदमरून जाऊ शकते.

केरळातील पोक्काळी शेतीत या कुजण्याचाही उपयोग करून घेतलेला आहे. पावसाळ्यात पाण्याचा खारटपणा उतरला की तेथे भात घेतात. कापणीच्या वेळी लोंब्या तेवढ्या कापतात. धाटे पाण्यातच राहतात. पुढे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात भरतीबरोबर कोळंबीची पिल्ले शेतात शिरतात. कुजणाऱ्या धाटांवर पोसलेले सूक्ष्म जीव हे त्यांचे खाद्य, तर त्यांची विष्ठा हे पुढील भाताचे खत. भरती-ओहोटी पाणी पालटत राहते, म्हणून ही कूज घातक ठरत नाही.