गाऱ्हाणे आणि समस्या : पुंज-संगणनाच्या हॅकेथॉनसाठी संस्थांकडून प्रश्न मागविताना

मांजरा धरण आटलेले असताना, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून पाणी घेऊन आलेली पहिली आगगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत लातूरच्या रहिवाशास त्याची अडचण विचारली असती, तर 'पाणी नाही' या दोन शब्दांपलीकडे त्याने काही सांगितले नसते. उत्तर यथार्थ होते. परंतु ते गाऱ्हाणे होते, समस्या नव्हे. हा भेद वरवर शब्दच्छलासारखा वाटेल; तथापि संगणनक्षेत्रातील एका नव्या प्रथेचे यशापयश पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून आहे.

ती प्रथा म्हणजे हॅकेथॉन. १९९९ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे संगणकतज्ज्ञांचा जो मेळावा भरला, तेव्हापासून हा शब्द रूढ होत गेला. मॅरेथॉन या ग्रामनामाचे शेपूट तोडून ते दुसऱ्या शब्दास जोडलेले आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही मोडतोडच होय, पण त्यावाचून व्यवहाराचे काही अडले नाही. भारतात २०१७ पासून भरणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसाठी मंत्रालये व उद्योगसंस्था प्रश्न पाठवितात आणि सहा-सहा विद्यार्थ्यांचे गट ते सोडवू पाहतात. हीच पद्धत आता पुंज-संगणनातही, म्हणजे क्वांटम कंप्यूटिंगमध्येही, आली आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाने आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांचे संगणक घडविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. यंत्र घडत असतानाच त्याने काय सोडवावे, असा हा उलटा क्रम आहे. म्हणूनच प्रश्न सुचविण्याचे आवाहन नगरपालिका, एसटीचे आगार, बाजार समिती, रुग्णालय अशा बाहेरच्या संस्थांना करावे लागते.

संस्कृत काव्यपरंपरेत समस्या म्हणजे श्लोकाचा दिलेला अंश, बहुधा अखेरचा चरण. उरलेले चरण दुसऱ्याने रचावयाचे. समस्या देणारा शेवट ठरवून देतो, वृत्त ठरवून देतो. वाट मात्र मोकळी ठेवतो. संस्थेकडून अपेक्षित असते ते नेमके हेच. 'पाणी नाही' यात शेवटही नाही आणि वृत्तही नाही. 'अमुक इतके टँकर, भरण्याची अमुक ठिकाणे, अमुक प्रभाग. कोणत्याही प्रभागास ठराविक दिवसांपेक्षा अधिक थांबावे लागू नये, आणि एकूण फेरी कमीत कमी अंतराची व्हावी' असे म्हणताच गाऱ्हाण्याची समस्या होते. निर्णय कोणता, बंधने कोणती आणि 'अधिक चांगले' कशास म्हणावयाचे, या तिहींचा उच्चार झाल्याखेरीज विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही.

पुंज-संगणकाकडून येणारे बंधन आणखी कठोर आहे. असे प्रश्न त्यास बहुधा 'होय' वा 'नाही' अशा निर्णयांच्या रूपात द्यावे लागतात. एका टँकरची वीस गावांची फेरी घेतली, तर 'हे गाव या क्रमांकावर आहे काय' असे ४०० निर्णय होतात आणि प्रचलित मांडणीत प्रत्येकास एक क्यूबिट लागतो. पाच गावे घेतली, तर निर्णय २५ उरतात. तेवढ्या क्यूबिटांची नक्कल साधा संगणकही करू शकतो, कारण त्यास २ चा २५वा घात, म्हणजे सुमारे ३ कोटी ३५ लाख संख्या सांभाळाव्या लागतात. ४०० क्यूबिटांची तशी सर्वांगीण नक्कल मात्र अशक्यप्राय आहे. यास्तव आवाहनात मूळ प्रश्नाबरोबर त्याचा लहान नमुनाही मागितला पाहिजे. पुंज-संगणक सर्व उत्तरे एकदम तपासून उत्तम ते निवडतो, ही समजूतही आवाहनातच दूर करावी. मोजणी करताच एकच उत्तर हाती येते; योग्य उत्तराची संभाव्यता वाढविणे हेच कौशल्य. १९९६ मध्ये लव ग्रोव्हर यांनी मांडलेल्या रीतीने दहा लाख शक्यतांतील एक शोधावयास सुमारे आठशे पायऱ्या पुरतात. हा लाभ मोठा आहे, पण तो चमत्कार नव्हे.

येथे स्पष्टच सांगितले पाहिजे की, वीस गावांची फेरी आजचा साधा संगणक सहज सोडवितो, आणि आजच्या सदोष पुंज-यंत्रांकडून त्याहून सरस उत्तराची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. हे संस्थेपासून लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून सध्याची पद्धत व तिचे फळ संस्थेने आरंभीच नोंदवावे, म्हणजे तुलना करता येईल. उपयोगांची ही वाण जगभर आहे. २०२४ मध्ये पुंज-संगणकाचे उपयोग शोधण्यासाठीच ५० लाख डॉलरांची एक्सप्राइझ स्पर्धा जाहीर झाली.

काही प्रश्न मात्र या आवाहनात येऊच नयेत. नांदेडजवळच्या विष्णुपुरी जलाशयातील पाणी शहरास किती व शेतीस किती द्यावे, हा न्यायाचा प्रश्न आहे. तो गणिताच्या वेषात यंत्रापुढे ठेवला, तर निर्णय कोणी तरी आधीच केलेला असतो. केवळ त्याची सही पुसलेली असते. वाटा ठरल्यानंतर पंप केव्हा चालवावेत, हा प्रश्न खुशाल विचारावा. रुग्णांची नावे असलेली नोंदवहीही कोणी पाठवू नये.

राहिला आवाहनाच्या भाषेचा मुद्दा. बंधने पुष्कळदा कागदावर नसतात. आगाराच्या वेळापत्रकात चालक-वाहकांच्या पाळ्या दिसतात. परंतु माळेगावची खंडोबाची यात्रा भरली की कोणती गाडी कोणत्या मार्गावरून काढून तिकडे लावावयाची, हे पाळ्या लावणारा वर्षानुवर्षांच्या सवयीने जाणतो. इंग्रजी नमुन्याचा छापील अर्ज त्याच्यापुढे टाकला, तर तो वेळापत्रकाची प्रत जोडून मोकळा होईल. त्याच्याजवळ बसून, 'या दिवसांत तुम्ही काय करता?' असे त्याच्याच मराठीत विचारणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक संस्थेत दोन दिवस आधी धाडावा.